वळचणीचे पाणी

समुद्रापलीकडे ब्राझील नावाच्या मुलखात, उसाच्या एका अफाट मळ्याच्या कडेला गुलामांची वस्ती होती. त्या वस्तीत फालादे बाबा राहत. आफ्रिकेतून साखळदंडात घालून जी माणसे आणली, त्यांतलेच बाबा एक. दिवसभर उसाच्या रसाच्या काहिलीखाली जाळ घालायचा आणि पहाटे, वस्ती उठायच्या आधी, आपल्या देवतांचे स्मरण करायचे, हा त्यांचा नेम. मालकाने ढोल जाळले, चार माणसे जमायला बंदी केली. पण नेमाला कुलूप कोण घालणार! मायदेशाच्या नद्यांची नावे बाबांच्या ओठांवर चालूच असत.

त्याच वस्तीत अबेनी होती. मळ्यावर तिला रोझा म्हणत, कारण मालकाने तसे सांगितले होते. तिच्या गावची जी माणसे तिच्याबरोबर जहाजात चढली, त्यांतले कोणीच पलीकडे उतरले नाही. इथे आल्यावर नवरा मिळाला, तर मालकाने त्याला दूरच्या मळ्यावर धाडले. तिची बोली बाबांखेरीज कोणाला कळत नसे. संध्याकाळी बाया चुलीपाशी बोलत बसत, तेव्हा अबेनी दाराशी एकटीच बसून आपले खरे नाव पुटपुटत राही, विसरायला होऊ नये म्हणून.

तिला मुलगी झाली. पण लेकरू रडलेच नाही. डोळे उघडे, आवाज नाही. दूधही धड ओढीना.

अबेनीच्या देशात रीत अशी, की आठव्या सकाळी झोपडीच्या गवती छपरावर पाणी फेकायचे आणि वळचणीतून ठिबकणाऱ्या थेंबांखाली बाळाला धरायचे. अंगावर थेंब पडून बाळ रडले, की त्याने या जगाला होकार दिला असे समजायचे. मग नात्याचे माणूस पुढे होऊन नाव ठेवते. नाव न मिळालेले लेकरू आले तसे परत जाते, अशी तिकडची श्रद्धा.

"बाबा, उद्या आठवा दिवस," अबेनी म्हणाली. "नाव ठेवायला माझं इथं कोण आहे?"

"तू पाण्याची सोय कर, लेकी," बाबा म्हणाले. "नाव ठेवणाऱ्या माणसाचं, ज्यानं पोर दिली तो बघेल."

पाण्याची सोय सोपी नव्हती. त्या साली अवर्षण पडले होते. हौदाला कुलूप होते आणि किल्ली बासिलियो मुकादमाच्या कमरेला. हा बासिलियो मळ्यावरच जन्मलेला, तोही गुलामच. पण हातात चाबूक आला आणि मान ताठ झाली. दिवसाला माणशी एक भोपळ्याचा तुंबा भरून पाणी तो देई, वर थेंब नाही. अबेनीने तो दिवस निर्जळी काढला. उन्हात ऊस तोडला आणि तुंबा भरलेला तसाच घरी आणला.

शेजारची दोमिंगास हसली. "छपराला पाणी पाजणार म्हणे ही. छपराला काय कोंब फुटायचेत?"

पहाटे बाबा आले. अबेनी बाळाला घेऊन वळचणीखाली उभी राहिली, तोच बासिलियो समोर.

"काय चाललंय, रोझाबाई?"

"बारसं आहे," बाबा म्हणाले.

"नावं मालक ठेवतात. आणि बारशाला पाहुणे कुठायत?" त्याने मुद्दाम मान फिरवून सगळीकडे पाहिले. "मामा नाही, आत्या नाही. तुमचे देव तर वाटेतच समुद्रात बुडाले, म्हातारबा. ते काही यायचे नाहीत."

असे म्हणून त्याने पायानेच तुंबा उडवला. तहानलेली माती ती, क्षणात सगळे पाणी पिऊन मोकळी झाली.

अबेनी खाली बसली आणि ओलसर मातीवर तिने तळहात टेकला. मांडीवर बाळाची मान लुळी पडली होती. एवढ्या मोठ्या पृथ्वीवर आपल्या लेकीला हाक मारायला एक तोंड नाही, हे तिला तेव्हा पुरते कळले.

बाबांनी रिकामा तुंबा उचलला. "ऊठ, अबेनी. वळचणीखाली उभी राहा."

"पाणी नाही, बाबा."

"काल दिवसभर तहानेली राहिलीस ना? ते वाया गेलं असं वाटतं तुला?"

बाबांनी डोळे मिटले, दूरच्या एका नदीचे नाव घेतले आणि भरलेला असावा तसा तो तुंबा छपरावर झटकला. बासिलियोला हसू फुटले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पण गवताच्या एका काडीच्या टोकाला थेंब जमला. शेजारच्या काडीला दुसरा. बघता बघता सारी वळचण ठिबकू लागली. एक गार थेंब बाळाच्या कपाळावर पडला आणि ते रडले, चांगले खणखणीत, रागावून रडले.

बासिलियोही त्याच वळचणीखाली उभा होता. पाणी त्याच्या केसांतून ओघळून ओठांवर आले. त्याने ते चाखले. हातातला चाबूक कधी गळाला, त्याला कळलेही नाही.

"पावसात आई मला अशीच वळचणीखाली धरायची," तो हळूच म्हणाला. "ती मला बासिलियो म्हणत नसे."

"काय म्हणायची?" बाबांनी विचारले.

"नाही आठवत." त्याने ठिबकत्या वळचणीकडे पाहिले. "तिचं आठवतं. जुन्या बाया तिला हाक मारायच्या. मोरेनिके."

अबेनीने चमकून मान वर केली. तिच्याच देशातले, तिच्याच बोलीतले नाव, आणि ते मुकादमाच्या तोंडून! तिने रडते बाळ त्याच्यापुढे केले आणि आपल्या बोलीत काही म्हणाली.

"काय म्हणते ही?" बासिलियोने विचारले.

"नाव तू ठेव म्हणते," बाबा म्हणाले. "मामा नाही म्हणालास ना? मग आता तूच हो."

त्याने गुडघे टेकले. बाळाच्या कानाशी वाकून आपल्या आईचे नाव घेतले, आणि अबेनीने ते मोठ्याने म्हटले. बाळाच्या रडण्याने बाहेर आलेल्या दोमिंगासनेही मागून म्हटले, जमेल तसे.

उजाडले, ऊन वर आले, तरी त्या दिवशी मळ्यावर कामाची घंटा झाली नाही. घंटा देणारा मुकादम वळचणीखालच्या ओल्या मातीत बाबांच्या पायांशी साष्टांग पडला होता. "बाबा," तो म्हणत होता, "माझंही नाव ठेवा."