दगडाची माफी

एक आचार्य तेलविहिरींच्या मुलखात खडकाची विद्या शिकवत असत. दगडात कसलं आलंय तेल, असे म्हणून हसू नका. भिजलेल्या विटेत पाणी मुरते, तसे खोल भुईतल्या खडकाच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेले असते. ते बाहेर ढकलायला नुसते पाणी सोडले तर पाणी सोप्या वाटेने निसटते आणि तेल मागेच राहते. म्हणून पाण्यात एक भुकटी विरघळवतात. पाण्याला भेंडीसारखी तार सुटते, आणि ते तारेचे पाणी सावकाश सरकत तेलाला पुढे रेटते.

आचार्य परगावी गेले असताना विहिरीचे मालक शेठ येणार असल्याचा निरोप आला. त्यांच्या शिष्याला वाटले, गुरुजी यायच्या आत आपणच तेल काढून दाखवावे. त्याने विहिरीतला दगडाचा तुकडा नळीत बसवला, तारेचे पाणी सोडले आणि पंपाचा वेग वाढवला. दाबाचा काटा चढू लागला. "अडतोस काय!" म्हणत त्याने आणखी जोर लावला. थोड्या वेळाने काटा झपकन उतरला. "नमला बेटा!" म्हणून स्वारी खूश झाली. पण नळीतून आले ते पाणीच, तेलाचा टिपूस नाही. शेठ आल्यावर तो ठसक्यात म्हणाला, "दगडच नालायक, शेठ. रिकामा आहे. विहीर बुजवून टाका."

शेठ फोन करायला बाहेर गेले, तेवढ्यात आचार्य परतले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. नळीतून आलेल्या पाण्यात दोन बोटे बुडवून विलग केली. तार सुटली नाही. मग त्यांनी तो दगड काढून मेजावर ठेवला, पायातल्या वहाणा काढल्या आणि त्याच्यापुढे हात जोडले. "बाबा रे, चूक आमची. बोल मात्र तुला लागला."

शिष्याला हसू आले. "गुरुजी, हे काय भलतंच?"

"तारेचं पाणी अरुंद वाटेतून जाताना ताणलं जातं," आचार्य म्हणाले. "जितकी घाई करशील तितकं ते अडतं. काटा चढला, तेव्हा ते सांगत होतं, जरा दमानं घे. तू ऐकलं नाहीस. तार तुटली, म्हणून काटा उतरला. तेल रेटायला त्याच्यात जोरच उरला नव्हता. तुटण्याला तू नमणं समजलास, आणि वर दगडाला नालायक ठरवून मोकळा झालास. उद्या तुझ्या हाताखाली माणसं येतील रे."

शिष्याचे कान तापले. घटकाभरापूर्वीचा आपला ठसका आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. इतक्यात शेठ आत आले. "सिमेंटवाला उद्या येतोय. बुजवायची ना नक्की?"

आचार्यांनीच काय ते सांगून टाकावे, असे शिष्याला फार वाटले. पण आचार्य खिडकीबाहेर पाहत राहिले.

"नको, शेठ," तो मान खाली घालून म्हणाला. "घाई मी केली. दगडाचा दोष नाही. तुम्हाला मी चुकीचं सांगितलं."

"म्हणजे तेल आहे?"

"ठाऊक नाही. दगडाला मी अजून नीट विचारलंच नाही."