मोटारसायकलचा पहारा

एका तालुक्याच्या गावी रंगनाथबुवा नावाचे वृद्ध पखवाजवादक राहत असत. त्यांच्या शिष्यांमध्ये विश्वंभर नावाचा एक गृहस्थ होता. तो गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होता. वाड्यावस्त्यांवर जाऊन जनावरांना लस टोचायची, म्हणून त्याने मोठ्या हौसेने नवी मोटारसायकल घेतली. त्याच सुमारास पलीकडच्या गल्लीतून एकाची गाडी भरदिवसा चोरीला गेली, आणि विश्वंभरच्या मनाची शांती हरपली.

त्याने गाडीला जाड साखळी आणली. पुढच्या चाकाला वेगळे कुलूप घातले. जरा धक्का लागताच कर्कश ओरडणारा भोंगा बसवला आणि वर खोळ चढवली. एवढ्यानेही त्याचे समाधान होईना. त्याच्या घरासमोरचे अंगण चार बिऱ्हाडांचे सामाईक होते. शेजारच्या इंदूमावशी तिथल्या ओट्यावर धान्य निवडत बसत. त्यांच्या नातवंडांचा चेंडू गाडीला लागला, भोंगा ओरडला, की विश्वंभर धावत बाहेर येई.

“मावशी, दुसरीकडे बसा ना! पोरं सारखी गाडीपाशी येतात.”

मावशींनी एक दिवस सूप उचलले आणि त्या मागच्या दारी बसू लागल्या. पोरांनी खेळ बदलला. अंगण ओस पडले. विश्वंभरला वाटले, आता गाडी सुरक्षित झाली.

तरीही बुवांकडे शिकायला बसला की त्याचे चित्त घराकडेच असे. हात पखवाजावर आणि कान गल्लीकडे. बुवा हे पाहत होते.

एका रविवारी दुपारी बुवा स्वतः विश्वंभरच्या अंगणात आले. त्यांनी गाडीचे हँडल धरून गदागदा हलवले. भोंगा ओरडू लागला. बुवा थांबले, वाट पाहिली. कुणाचेही दार उघडले नाही. आत विश्वंभर जेवत होता. त्याची बायको म्हणाली, “पुन्हा मांजर असेल.” तोही म्हणाला, “असेल,” आणि त्याने भाकरीचा तुकडा मोडला. मग बुवांनी गाडीवरची खोळ सावकाश काढली, तिची घडी घातली आणि ती काखेत मारून भर गल्लीतून चालत घरी गेले.

संध्याकाळी विश्वंभर धापा टाकत त्यांच्याकडे आला.

“बुवा, आज माझं शिकण्यात मन लागणार नाही. गाडीची खोळ चोरीला गेली. उद्या गाडीच जाईल!”

बुवांनी मागच्या फडताळातून खोळ काढून त्याच्यासमोर ठेवली.

“मी नेली.”

विश्वंभर थक्क झाला. “तुम्ही? पण का?”

“भोंगा ऐकलास ना?”

“ऐकला. वाटलं, मांजर असेल.”

“गल्लीलाही तसंच वाटलं.” बुवा शांतपणे म्हणाले, “बाबा रे, कुलूप अवश्य घाल, साखळीही घाल. पण कुलूप चोराला अडवत नाही, त्याचा वेळ खातं. त्या वेळात कुणीतरी ‘कोण रे तू?’ असं विचारणारं माणूस लागतं. तसं माणूस तुझ्या दारात आयतं बसलेलं होतं. त्याला तू उठवलंस, आणि राखणीला एक ओरडणारं यंत्र ठेवलंस. ते इतकं ओरडलं, की आता तुलाही त्याचं काही वाटत नाही.”

विश्वंभरने खोळ उचलून काखेत घेतली. मग तो उठला आणि तडक इंदूमावशींच्या दारी गेला.

“मावशी, माझं चुकलं. तुमच्या जागेवरून तुम्हाला उठवायला नको होतं. उद्यापासून पुढे ओट्यावर बसाल का?”

“बसते की,” मावशी म्हणाल्या. “मागच्या दारी ऊन फार लागतं. पण पोरं खेळणार हं, आधीच सांगते.”

“खेळू देत.”

दुसऱ्या दिवशी त्याने भोंगा काढून टाकला. ओट्यालगत भिंतीत लोखंडी कडे बसवून घेतले आणि गाडीची साखळी त्यात अडकवू लागला. गाडी आता ओस अंगणात एकटी नव्हती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. अंगण पुन्हा बोलू लागले.

पुढे एकदा तो बुवांसमोर पखवाज वाजवत असताना त्याचा फोन वाजला. मावशी बोलत होत्या.

“अरे, दोन अनोळखी माणसं तुझ्या साखळीशी खटपट करत होती. मी हटकलं, तशी पोरं ओरडली, सगळे बाहेर आले. पळाले मेले! गाडी आहे जागेवर.”

विश्वंभर उठू लागला. “मी येतो लगेच.”

“कशाला? सगळे आहोत इथे. तू आपला वाजव.”

त्याने क्षणभर दाराकडे पाहिले. मग फोन बाजूला ठेवून तो पुन्हा मांडी घालून बसला. बुवांनी हलकेच टाळीने ताल धरला, आणि त्याने समेपासून पुन्हा सुरुवात केली.