जिवंत पोवळ्याचा नमुना

माणूस होडी बांधायला शिकला, त्याआधीची ही गोष्ट. पोवळ्यांची एक वसाहत शेवाळाखाली गुदमरत होती. तिच्यात राहणारा म्हातारा खेकडा देवमाशाच्या दरबारी शेवाळ खाणारे मासे मागायला गेला.

कारभारी कासव म्हणाले, "खेकडोबा, जिवंत पोवळ्याचा नमुना आणा. त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही."

खेकड्याने एक फांदी तोडून नेली. "लहान आहे," कासव म्हणाले. त्याने दुसरी नेली. "ही वाटेत सुकली की हो! ताजी आणा." खेकडा तोडत राहिला. पोवळ्यांना म्हणायचा, "बायांनो, एवढी कळ सोसा."

अखेर मंजुरी मिळाली. कासव शंभर मासे घेऊन आले आणि म्हणाले, "जिवंत पोवळी दाखवा."

"तुमच्या दारात वाळत पडली आहेत," खेकडा म्हणाला. "तोडली मीच."