मीटरची तहान

भांडी आणि हत्यारं एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. कुमुदकाकू घरी मिरचीचा सॉस करून विकत. तो टिकण्याइतका आंबट झाला की नाही, हे त्यांना पीएच मीटर सांगे. त्याच्या टोकाला काचेचा इवलासा मणी होता आणि तो सुकू नये म्हणून टोपणात कायम थोडं खारट द्रावण असे.

खंडेनवमीला काकूंनी सगळी हत्यारं पाटावर मांडली. सुरी मीटरला म्हणाली, "आम्ही बघ कसे कोरडे, लखलखीत. तुझं तोंड सदा ओलं." मीटर ओशाळला. तेवढ्यात काकूंनी मोठ्या मायेनं त्याचं टोपण काढलं, मणी पुसून कोरडा केला, त्यालाच कुंकू लावलं आणि वर झेंडू वाहिला. मीटरला धन्य वाटलं.

दसरा झाल्यावर सॉसचं नवं पातेलं उतरलं. काकूंनी नेहमीप्रमाणे मीटर आधी तपासणीच्या पाण्यात बुडवला. त्या पाण्याचा आकडा त्यांना ठाऊक होता. मीटरचा आकडा मात्र भरकटत राहिला.

"दे काहीतरी ठोकून," सुरी कुजबुजली.

"लोकांच्या पोटात जायचंय ते," मीटर म्हणाला आणि त्यानं आपलं भरकटणं लपवलं नाही.

काकूंनी बाटल्या भरायचं थांबवलं. "तहानलास होय रे? माझंच चुकलं," म्हणत त्यांनी मणी हलकेच धुऊन द्रावणात बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी आकडा जागेवर आला.

पुढच्या खंडेनवमीला काकूंनी मीटरचं टोपण काढलंच नाही. सुरी म्हणाली, "आम्हाला सगळ्यांना फूल वाहिलं. तुला काय मिळालं?"

"मला प्यायला दिलंय," मीटर म्हणाला.