हैबतीआजोबांचा आवाज

डोंगराच्या कुशीत, पळसाच्या रानाला लागून पळसोली नावाचं इवलंसं गाव होतं. फाल्गुन आला की ते रान असं काही फुलायचं, जणू डोंगराने केशरी शेला पांघरला आहे! त्या गावाच्या टोकाला, एका खोपटात दवणी आणि तिची आई राहायच्या. दवणीला वडील नव्हते. मायलेकी रानातून पानं खुडून आणायच्या, काड्यांनी टाचून पत्रावळी करायच्या आणि घरोघर देऊन त्याबदली ओंजळभर ज्वारी आणायच्या. कधी दोघींत दोन भाकरी व्हायच्या, कधी एकच. आठ वर्षांची दवणी आपली अर्धी भाकरीसुद्धा गुणगुणत खायची.

एका दुपारी पानांचा भारा डोक्यावर घेऊन ती सर्जेराव राहायचा त्या घरामागून चालली होती. तिथे गोठ्याशेजारी एक लाकडी खोली होती. तिला खिडकी नव्हती आणि दाराला बाहेरून मोठी कडी होती, इतकी उंच की दवणीचा हातही पोचू नये. आतून कुणीतरी म्हणालं, "पाणी... कुणी आहे का गं बाई?"

दवणीने फळ्यांच्या फटीला डोळा लावला. आत काळोख होता. त्या काळोखात पांढरीशुभ्र दाढी आणि दोन ओले डोळे दिसले.

"तुम्ही कोण, आजोबा?"

"मी हैबती. हैबती माळी."

दवणी दचकलीच! हैबतीआजोबा तर तीर्थयात्रेला गेले होते ना? त्यांचा पुतण्या सर्जेराव गावभर तसंच सांगत होता. पण आजोबा तर इथे होते, स्वतःच्याच घरामागे कोंडलेले. दवणीने पळसाच्या पानाचा द्रोण केला, ओढ्याचं पाणी आणलं आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवलं. कमरेला बांधलेली भाकरीही दिली. आजोबा घोटघोट पाणी पीत होते आणि त्यांचे हात थरथरत होते.

"मी सगळ्यांना सांगते!" दवणी म्हणाली.

"नको, नको पोरी! सर्जा चिडला की दोन दोन दिवस उपाशी ठेवतो. त्याने मला हाकलून दिलं, तर या वयात मी जाऊ कुठे?"

दवणीने कुणालाच सांगितलं नाही. रोज येऊन ती फटीतून भाकरी देत राहिली. चौथ्या दिवशी मात्र आजोबांना द्रोणसुद्धा धरता आला नाही. तो हातातून गळून पडला.

दवणी रानात धावत सुटली. फुललेल्या पळसाखाली बसून ती हुंदके देऊन रडली. तिचं एक आसू मातीवर पडलं, आणि काय आश्चर्य! त्या जागी ठिणगीसारखा प्रकाश उमलला. केशरी पाकळ्या हळूहळू हवेत तरंगू लागल्या, गोल गोल फिरू लागल्या आणि त्यांच्या मधोमध उभी राहिली एक परी! शिंजीर पाखराएवढी इवलीशी. तिच्या पंखांवर निळा, जांभळा, सोनेरी रंग एकमेकांत मिसळत होते. रानातले सगळे पक्षी एकदम चूप झाले.

"दवणे," परी म्हणाली, आणि तिचा आवाज थेंबांसारखा टपटपला, "तीन इच्छा देते तुला. पण दोन नियम पाळायचे. ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचारायचं. आणि माणसाने लावलेली कडी मी काढू शकत नाही. ती माणसाच्याच हाताने निघते."

दवणी धापा टाकत खोलीपाशी आली. "आजोबा, आजोबा! तुम्हाला काय हवं? सोन्याचा पलंग? शंभर लाडू?"

आजोबा फटीजवळ सरकले. मग आजोबा हळूच म्हणाले, "मला कुणी असं विचारलंच नव्हतं गं. ऊन हवंय, पोरी. जरासं ऊन, पाठीवर."

दवणीने डोळे मिटून तेच मागितलं. बघता बघता खोलीच्या काळ्या फळ्या मधासारख्या पिवळ्या झाल्या, त्यांच्यातून आरपार दिसू लागलं! ऊन आत ओतलं गेलं. आजोबांच्या दाढीवर, खांद्यांवर, पाठीच्या मणक्यांवर ते हलकेच पसरलं. आजोबांनी मान वर केली. त्यांच्या सुरकुतलेल्या गालांवर रंग चढला.

"पोरी," ते म्हणाले, "अंधारात मला सारखी भीती वाटायची. आता कमी वाटते. सांग तू सगळ्यांना. पण सर्जा म्हणेल, पोर खोटं बोलते."

"मग काय मागू?"

"माझा आवाज. तो घरोघर पोचू दे."

दवणीने मागितलं. आणि मग पळसोलीत जे घडलं, ते कुणी कधी पाहिलं नव्हतं की ऐकलं नव्हतं.

गावातल्या प्रत्येक अंगणात एकेक झाड होतं. कुणाकडे आंबा, कुणाकडे चिकू, कुणाकडे पेरू. सगळी हैबतीआजोबांनीच लावलेली, कलमं बांधून, पोटच्या लेकरांसारखी वाढवलेली. त्या सगळ्या झाडांची पानं वाऱ्याशिवाय हलली. खोडांतून एक दमलेला, ओळखीचा आवाज आला. "मी यात्रेला गेलो नाही. मी इथेच आहे. गोठ्याशेजारी. मला भूक लागली आहे."

बायकांच्या हातातली सुपं थांबली. पाळण्यातली बाळं टकामका बघू लागली. गावच्या पाटलीणबाई पदर खोचून घराबाहेर पडल्या. त्यांच्यामागून सगळा गाव निघाला.

सर्जेराव खोलीच्या दारात आडवा उभा राहिला. "काकांना वेड लागलंय, बाई. कुठे हरवू नयेत म्हणून आत ठेवलंय. त्यांच्याच भल्यासाठी!"

माणसं चुळबुळली. काहींनी मानाही डोलावल्या. घरच्या भांडणात पडावं तरी कसं?

दवणी गर्दीतून वाट काढत पुढे आली. "खोटं आहे हे! भल्यासाठी कुणी उपाशी ठेवतं का? मी रोज फटीतून भाकरी दिली. आजोबांना सगळं कळतं. त्यांनाच विचारा ना!"

पाटलीणबाईंनी सर्जेरावाला बाजूला सारलं. टाचा उंच करून त्यांनी ती गंजलेली कडी दोन्ही हातांनी ओढली. खाट्कन आवाज झाला आणि दार उघडलं. उन्हात बसलेल्या आजोबांसमोर त्या गुडघे टेकून बसल्या.

"हैबतीमामा, तुम्हाला कुठे राहायचंय?"

"माझ्या घरात," आजोबा म्हणाले. "माझ्या ओसरीवर."

घर आजोबांचंच होतं, बागही त्यांचीच; दोन्ही बळकावायलाच पुतण्याने त्यांना कोंडलं होतं. त्याच संध्याकाळी सर्जेरावाला आपलं बोचकं उचलून गावाबाहेर जावं लागलं. जाताना त्याची मान एकदाही वर झाली नाही. पाटलीणबाईंनी गावाला सांगितलं, "शेजारी राहून आपण कुणी विचारलं नाही, ही आपलीही चूक आहे. आता रोज कुणीतरी येऊन मामांशी बोलत बसायचं." आणि लोक खरंच येऊ लागले. घरात खोल्या मोकळ्या होत्या. आजोबांनी आग्रहाने दवणीला आणि तिच्या आईला राहायला बोलावलं. रोज पोटभर जेवून दवणीचे गाल गुबगुबीत झाले.

एका सकाळी आजोबा म्हणाले, "पोरी, तू मला विचारलंस. आता मी तुला विचारतो. तुला काय हवं?"

हे तर दवणीलाही कुणी कधी विचारलं नव्हतं!

"मला कलम बांधायला शिकायचंय, आजोबा."

"मी आनंदाने शिकवीन गं. पण हे हात बघ, कसे थरथरतात."

"मग हात बरे व्हावेत असं मागू? चालेल तुम्हाला?"

आजोबांनी हसून मान डोलावली.

दवणीने तिसरी इच्छा मागितली आणि ओसरीवर केशरी उजेड पडला. परी आली, आजोबांच्या दोन्ही तळव्यांवर फुलपाखरासारखी टेकली, आणि थरथर थांबली. परीने दवणीकडे पाहिलं. मग तिचा प्रकाश मोठा मोठा होत गेला, इतका लख्ख की दोघांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा परी नव्हती. हवेत सोनेरी कण तेवढे तरळत होते.

आजोबांनी कोवळी फांदी हातात घेतली. "इथे तिरका काप द्यायचा," ते म्हणाले, "आणि घाई करायची नाही." दवणी श्वास रोखून बघत होती.