जेवणाचा तास

एका शहरात, एका जुन्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर, भालचंद्र ओगले नावाचे एक गृहस्थ राहत होते. त्यांनी लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण, तिला ते ताई म्हणत, तीच त्यांचं घर. दोघं भाजीवरून भांडली, रेडिओच्या आवाजावरून भांडली, आणि अशी भांडता भांडता म्हातारी झाली. मग एक दिवस ताई गेली आणि घरात भांडायलासुद्धा कोणी उरलं नाही. दुपारी फ्रीजची घरघर थांबली की भालचंद्रराव दचकायचे. पण हे सांगणार कोणाला?

अशात त्यांच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात झिरपू लागलं. सगळं उखडून नव्याने करायची वेळ आली. मग काय विचारता, सोसायटीत सल्ल्यांना तोटा नव्हता! वरच्या मजल्यावरच्या शेवडेबाई तर दारात उभ्या राहूनच सुरू झाल्या. "ओगले, मी सांगते ते ऐका. चार ठिकाणी दर विचारा. आणि काम उक्तं द्या. सगळ्याचा मिळून एकच आकडा ठरवला की सुटलात. तासावर दिलंत तर गवंडी तंबाखू मळत बसेल आणि तुम्ही पैसे मोजत बसाल."

सल्ला शहाणपणाचा होता. शेवडेबाईंचे सल्ले चुकायचे नाहीत, फक्त संपायचे नाहीत. भालचंद्ररावांनी दर विचारले. एका ठेकेदाराने दारातूनच आकडा फेकला. दुसऱ्याने येण्याऐवजी मोबाइलवर फोटो मागवले. तिसरा आला तो सिद्राम, सोलापूरकडचा गवंडी. त्याने चपला बाहेर काढल्या, बोटाने भिंती ठोकत सगळीकडे फिरला, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "लई दिवसांपासून मुरतंय ओ पाणी, काका." ताई गेल्यापासून त्या घरात इतका वेळ कोणी थांबलं नव्हतं.

"उक्तं द्या," सिद्राम म्हणाला. "तासावर तुम्हाला महाग पडंल."

"तासावरच," भालचंद्रराव म्हणाले.

सिद्रामने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. असा मालक त्याला आजवर भेटला नव्हता. "बरं. तुमची मर्जी. पण जेवणाचा तास धरायचा नाय. त्यो आमचा."

काम सुरू झालं. हातोड्याचे घाव, वाळूचे ढीग, घरभर सिमेंटची धूळ! शेजारीपाजारी कावले आणि भालचंद्रराव खुलले. बाथरूमच्या दारात स्टूल टाकून ते बसायचे. चहा करायचे, पुन्हा चहा करायचे. सिद्रामही बोलका होता. सिमेंटचा माल कालवता कालवता गावाकडच्या गोष्टी सांगायचा, आपली धाकटी पोरगी शाळेच्या बाईंशीसुद्धा कशी वाद घालते ते सांगायचा. भालचंद्रराव हसायचे, आणि आपण हसलो याचं त्यांनाच नवल वाटायचं.

दुपार झाली की मात्र सिद्राम हात धुऊन डबा उचलायचा आणि खाली पार्किंगमध्ये जायचा. तिथे वॉचमनबरोबर पोतं अंथरून दोघं जेवायचे, मग तिथेच जरा पाठ टेकायचे.

"अरे, इथेच जेव ना," भालचंद्रराव एकदा म्हणाले. "हवं तर तोही तास धर. पैसे देतो मी."

"त्यो इकायचा नाय, काका," म्हणून सिद्राम जिना उतरून गेला.

तो तास भालचंद्ररावांना खायला उठायचा. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी, की सिद्रामचा हात चालता होता. भिंतीवर टाइल्स भराभर चढत होत्या. थोड्याच दिवसांत काम संपणार, हत्यारं पिशवीत जाणार आणि घर पुन्हा गप्प होणार. काम रेंगाळवणारे गवंडी जगात पुष्कळ सापडतील हो. पण मालकाच्याच मनात काम रेंगाळवायचं आलं, तर त्याला काय म्हणावं?

एका दुपारी सिद्राम जेवायला गेला असताना भालचंद्ररावांनी त्याची छिन्नी उचलली. सकाळी लावलेल्या एका टाइलमागचं सिमेंट अजून ओलंच होतं. कडेला छिन्नी घालून जरा रेटा दिला, तशी टाइल अलगद हातात आली. त्यांनी ती जमिनीवर ठेवली, छिन्नी पुसून जागेवर ठेवली आणि पेपर उघडून बसले. जसं काही झालंच नाही!

सिद्राम वर आला आणि बघतच राहिला. त्याने डोकं खाजवलं, माल पुन्हा कालवला, टाइल पुन्हा बसवली. संध्याकाळी निघताना म्हणाला, "काका, ह्या टाइलचा येळ धरू नका. चूक माझी हाय."

इथेच भालचंद्ररावांनी तोंड उघडायला हवं होतं. पण ते नुसतं 'बरं' म्हणाले. उलट दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक टाइल सोडवली. सिद्रामला वाटलं, सिमेंटला दमट हवा लागली असणार. त्याने अर्धी गोणी टाकून दिली आणि पदरच्या पैशाने नवी आणली. आता तो प्रत्येक टाइल दोनदोनदा ठोकून बघायचा. धाकट्या पोरीच्या गोष्टी थांबल्या. चहा कपात निवून जाऊ लागला. ज्या सोबतीसाठी हा खटाटोप केला, ती सोबतच घरातून निघून गेली. तरी भालचंद्ररावांनी तिसऱ्यांदा छिन्नी उचलली. माणूस एकदा घसरला की घसरतच जातो, दुसरं काय!

त्या दुपारी सिद्राम खाली पडलेली टाइल उचलत होता आणि नेमक्या शेवडेबाई काम बघायला आल्या. त्यांच्या स्वयंपाकघराचं काम सिद्रामला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. ते चांगलं झालं असतं तर सोसायटीतली आणखी कामं त्याच्याकडे आली असती. शेवडेबाईंनी टाइलकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "राहू दे हो, सिद्राम," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याकडचं मी दुसऱ्या कोणाला तरी सांगते." एरवी तोंडाचा पट्टा सोडणाऱ्या बाई इतक्या मऊ बोलल्या, तेच जास्त लागलं.

त्या गेल्या. सिद्राम बाथरूमच्या उंबऱ्यावर बसला आणि स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून बघू लागला. "हात गेले वाटतं माझे," तो आपल्याशीच म्हणाला.

भालचंद्रराव पेपरमागून ते बघत होते. खरं सांगितलं तर हा आत्ताच्या आत्ता निघून जाईल आणि पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही. नाही सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सोसायटीभर त्याचं नाव खराब होईल. एकीकडे आपलं एकटेपण आणि दुसरीकडे त्याची भाकरी. त्यांनी पेपरची घडी घातली. मग उठले. "सिद्राम, जरा माझ्याबरोबर वर चल," म्हणाले.

शेवडेबाईंनी दार उघडलं. "टाइल्स सुटल्या नाहीत," भालचंद्रराव म्हणाले. "मी सोडवल्या. याच्या जेवणाच्या सुट्टीत, याच्याच छिन्नीने. याच्या कामात काही खोट नाही."

शेवडेबाई दार सोडून बाहेर आल्या.

"का ओ, काका?" सिद्रामने विचारलं.

"काम संपलं की तू जाशील म्हणून."

सिद्राम रागावून ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. खाली आला आणि त्याच दिवशी उरलेलं काम पुरं केलं. पुन्हा कराव्या लागलेल्या कामाचे सगळे तास आणि नव्या गोणीची किंमत त्याने हिशेबात धरली. भालचंद्ररावांनी मुकाट्याने पैसे दिले. चहाला मात्र तो थांबला नाही.

पुढच्या आठवड्यात शेवडेबाईंच्या स्वयंपाकघराचं काम सुरू झालं, आणि ते सिद्रामलाच मिळालं. आता हातोड्याचे घाव छतातून ऐकू यायचे. भालचंद्ररावांचं नवं बाथरूम आरशासारखं चकाकत होतं, पण ते बघायला कोणी नव्हतं. दुपारी घाव थांबायचे. जिन्यात पावलं वाजायची, दारावरून पुढे जायची, थांबायची नाहीत. आता त्या तासात भालचंद्ररावांना जितकं एकटं वाटायचं, तितकं आधी कधीच वाटलं नव्हतं, अगदी ताई गेली त्या दिवशीसुद्धा.

असेच काही दिवस गेले. मग एका दुपारी त्यांनी कपाटातून ताईचा स्टीलचा डबा काढला. त्यात दोन पोळ्या आणि दुधीची भाजी भरली आणि जिना उतरून पार्किंगमध्ये गेले. पोत्यावर सिद्राम आणि वॉचमन जेवत होते. वॉचमनने सिद्रामकडे पाहिलं. सिद्राम खाली मान घालून जेवतच राहिला.

"मी बसू का तुमच्यात?" भालचंद्ररावांनी विचारलं. असं त्यांनी आयुष्यात कोणाला विचारलं नव्हतं. ताई होती तेव्हा विचारावं लागलं नाही, आणि ताई गेल्यावर धीर झाला नाही.

सिद्रामने मान वर केली नाही. "तासाला काय देणार?"

"काही नाही."

सिद्रामने भाकरीचा घास सावकाश संपवला. मग तो पोत्यावर जरा बाजूला सरकला.

"मग बसा," तो म्हणाला.

भालचंद्ररावांची भाजी अळणी झाली होती. सिद्रामने न विचारता शेंगदाण्याची चटणी त्यांच्या पुढ्यात सरकवली.

तात्पर्य: माणसाच्या कामाचे तास पैशाने मिळतात, त्याची सोबत मिळत नाही. ती हवी असेल तर खोटं निमित्त उकरू नये, सरळ तोंडाने मागावी.