हैदरमिस्त्रीची कळ

फार वर्षांपूर्वी, पानसांगवीत विजेचा खांब यायच्याही आधी, तिथं हैदर शिकलगार नावाचा मिस्त्री राहायचा. बाप-आज्यांनी विळ्या-सुऱ्यांना धार लावली, ह्यानं मात्र इंजनं धरली. मळ्याला पाणी उपसणारी जुनी विलायती इंजनं, गंजून दगड झालेली. हैदर त्यांच्या अंगाला लाकडी दांडी टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचा आणि डोळे मिटून बसायचा. बंद इंजनातली धडधडसुद्धा त्याला ऐकू यायची, असं म्हणतात.

नदीकडच्या चिंचेखाली असंच एक इंजन पडलं होतं. कोंबड्या त्यात अंडी घालायच्या.

"मिस्त्री, ह्याला आता माती द्या," लोक म्हणाले.

"आधी पाणी तर पाजू," हैदर म्हणाला.

वर्षभर त्यानं ते रॉकेलात भिजवलं, कानशीनं घासलं, जो तुकडा मिळाला नाही तो भट्टीत घडवला. त्याची बायको राहतबी एकेक भाग राखेनं लखलखीत करून द्यायची, जशी घरची भांडी. मग एका सकाळी हैदरनं हँडल मारलं. इंजन खोकलं, शिंकलं आणि टुक-टुक-टुक चालू झालं. त्या नुसत्या आवाजानंच शेजारच्या मळ्यातली वाळकी नागवेल हिरवी झाली, पाणी मागाहून पोचलं, असं म्हणतात.

तो पानमळा मग दोघांनी त्याच इंजनावर जगवला. हैदर गावोगावची इंजनं बघत फिरायचा, राहतबी मळा बघायची.

पण राहतबीला छातीचं दुखणं होतं. कळ आली की दातखीळ बसायची. हकिमाची मात्रा दुसऱ्या कुणी जिभेवर चोळली, तरच ती परत यायची. मळा पार नदीच्या टोकाला, हाक ऐकणार कोण?

"तुझी कळ आली की इंजनाची कळ ओढ," हैदर म्हणाला. "आवाज थांबला की मी असेन तिथून येतो."

"आन् तीन गावं पल्याड असलात तर?"

"सात गावं पल्याड असलो तरी आपलं इंजन मला ऐकू येतं."

"इंजन येतं हो ऐकू. मीठ आणा म्हणलेलं तेवढं येत न्हाई."

दोनदा कळ आली, दोनदा इंजन थांबलं, दोनदा हैदर पोचला. दुसऱ्या खेपेला तर तो नदीवरून चालत आला, चप्पल भिजली नाही, असं म्हणतात.

पण इंजन म्हातारं. झिजलेली कळ हादऱ्यानं आपोआप घसरायची नि इंजन बंद पडायचं. हैदर हातातलं टाकून धापा टाकत यायचा, तर राहतबी निवांत पानं खुडतेय! एका महिन्यात चारदा असं झालं. लोक चिडवायचे, "काय मिस्त्री, इंजन बंद पडलं का भाबीची आठवण आली?" हैदर हसायचा. धावताना त्याच्या काळजाचं काय व्हायचं, ते फक्त राहतबीला दिसायचं.

तीच म्हणाली, "ह्या खोट्या बोलावण्यापायी तुमी माझ्याआधी जाल. बांधा ती कळ एकदाची."

नवी घडवायला इंजन दोन दिवस बंद ठेवावं लागणार होतं, आणि ऐन उन्हाळ्यात नागवेलीला दोन दिवसांचा खाडा सोसत नाही. हैदरनं कळ लोखंडी तारेनं बांधली. तीन पीळ दिले. "हे उलटे फिरवलेस की सुटली," म्हणाला. राहतबीनं मान डोलावली. पीळ मिस्त्रीच्या हातचे होते, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

चौथ्या दिवशी हैदर नदीपलीकडं एक इंजन उघडून बसला होता. दिवसभर कानावर टुक-टुक, एक ठोका चुकला नाही. तो सगळ्यांना म्हणाला, "ऐका, कसं गातंय!"

दिवस कलताना तो परतला, तर पाट फुटून पाणी वाटेवर आलेलं. इंजन गातच होतं. शेजारी राहतबी पडली होती. मात्रेची पुडी पदराला तशीच. दीड पीळ सुटलेला, दीड राहिलेला, आणि बोटांवर तारेचे वळ.

हैदरनं पक्कड घेतली नाही. उरलेली तार त्यानं बोटांनी तोडली. त्याच्या बोटांचे ठसे त्या लोखंडात आजही दिसतात, असं म्हणतात.

त्यानंतर तो पुष्कळ जगला. पंचक्रोशीतल्या एकेक इंजनाला त्यानं नवी कळ घडवून दिली, चिमणी बसली तरी ओढली जावी इतकी हलकी. इंजनं उठसूट बंद पडू लागली. कुणी कुरकुरलं तर म्हणायचा, "पडू दे. खोट्याला शंभरदा धावावं."

मग एक दिवस भर दुपारी गावातली सगळी इंजनं एकदम थांबली. जो तो आपापल्या मळ्याकडं पळाला. सगळ्यांची माणसं धडधाकट. तेव्हा कुणालातरी चिंच आठवली. हैदर थंड इंजनाला दांडी टेकवून, कान लावून बसला होता. पापण्या मिटलेल्या. त्याला काय ऐकू आलं, कोण सांगणार!

आता पानसांगवीत विजेच्या मोटारी आहेत, पण बटणाला तार कुणी बांधत नाही. मळ्यात नवी सून आली की आधी तिच्या एका बोटानं मोटार बंद करवून घेतात, मगच तिच्या हाती पानं देतात. आणि मोटार थांबली की फ्यूज बघायच्या आधी माणूस बघायला धावतात. मळ्यातली बाई हसून म्हणते, "अवो, लाईट गेली नुसती. उगा पळालात."

धावून आलेला कपाळाचा घाम पुसतो आणि चिंचेकडं बघून म्हणतो, "खोटंच निघू दे, बाई. खोटंच निघू दे."